रंजकदान आणि काळवीट

तोडेदार बंदुकीस दारू दोन प्रकारची लागे : नळीत ठासावयाची जाड आणि कानापाशी ठेवून तोड्याने पेटवावयाची बारीक. या बारीक दारूस जुन्या मराठीत ‘रंजक’ म्हणत. आजच्या विद्यार्थ्याचे लक्ष या शब्दाने मनोरंजनाकडे वळण्याचा संभव असल्यामुळे हा अर्थ प्रथम नोंदविला पाहिजे.

रंजक जवळ बाळगण्याचे लहानसे पात्र ते रंजकदान. सतराव्या-अठराव्या शतकांतील मोगली घडणीची हस्तिदंती रंजकदाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांत आहेत. पात्र शिंगासारखे वळलेले, टोकाशी हरणाचे मस्तक, अंगावर एकमेकांत गुंतलेल्या पशूंचे कोरीव काम. दारू मूळ जनावराच्या शिंगात ठेवीत. हस्तिदंत आला तरी ते वळण सुटले नाही. करंड्याचे असेच झाले. संस्कृतात ‘करण्ड’ म्हणजे बांबूची टोपली. कुंकवाची डबी धातूची झाली, पण नाव टोपलीचेच राहिले. तेथे नाव टिकले, येथे आकार टिकला, एवढाच भेद.

मात्र हे पशू केवळ शोभेचे मानणे योग्य नव्हे. ज्या हरणाच्या शिकारीस बंदूक निघे, त्याच्याच पोटात तिची रंजक भरलेली असे. जहांगीर स्वतः मोठा शिकारी. त्यानेच मनसराज या लाडक्या हरणाच्या स्मरणार्थ शेखूपुऱ्यास हिरन मिनार उभारला. कारागिराचे प्राण्याच्या देहाविषयीचे सूक्ष्म ज्ञान याच शिकारी संस्कृतीत पोसले गेले असावे.

पालमच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा नाही. हे पात्र गोदाकाठचे नव्हे, परंतु काळवीट व रोही हे दख्खनच्या मोकळ्या माळाचेच पशू होत. औरंगजेब १६८१ पासून १७०७ पर्यंत दक्षिणेत होता; पुढे निजामाचा अंमल १९४८ पर्यंत चालला. या दीर्घ सहवासात फारसी ‘दान’ हा आधारवाचक प्रत्यय मराठीत चांगलाच रुजला. कलमदान, पानदान यांत तो तसाच राहिला. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी यांत स्त्रीलिंगी झाला. मच्छरदाणीत तर त्याचा अर्थच उलटला, कारण तीत डास ठेवावयाचे नसतात!

बंदुकीची रचना पालटली तेव्हा रंजकदानाचे काम संपले, आणि शब्दही बोलीतून गेला. काळविटाच्या शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी केली.