एका छताखाली दोन देश : बर्लिनचे फ्रीडरिखश्ट्रासे स्थानक #थ्रेड

१/ बर्लिनची भिंत म्हटले की काँक्रीट, काटेरी तारा आणि टेहळणीचे मनोरे डोळ्यांसमोर येतात. परंतु हजारो बर्लिनकरांना ती सीमा भेटली ती एका रेल्वे स्थानकाच्या जिन्यांवर आणि बोळांत. आजचा थ्रेड त्या स्थानकाविषयी.

२/ फ्रीडरिखश्ट्रासे स्थानक १८८२ साली सुरू झाले. शहराच्या मधून विटांच्या कमानींवरून पूर्व-पश्चिम धावणाऱ्या 'श्टाटबान' या उन्नत लोहमार्गावरचे हे स्थानक. १९२३ मध्ये त्याच्या शेजारी जमिनीखाली उत्तर-दक्षिण मेट्रो आली (बर्लिनकर तिला ऊ-बान म्हणतात, हीच आजची ऊ-६). १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या तोंडावर उपनगरी रेल्वेचा, म्हणजे एस-बानचा, भुयारी मार्गही येथवर पोहोचला.

३/ वर लांब पल्ल्याच्या आणि उपनगरी गाड्या, खाली उपनगरी भुयार आणि मेट्रो, आणि या साऱ्यांना जोडणारे पादचारी बोळ. याच जोडणीने १९४५ मध्ये एक विचित्र आपत्ती ओढवली. युद्धाच्या अखेरच्या दिवसांत लांडवेर कालव्याखाली एस-बानच्या भुयाराचे छत स्फोटाने फोडले गेले. पाणी भुयारातून फ्रीडरिखश्ट्रासेपर्यंत आले आणि तेथील जोडबोळातून मेट्रोच्या जाळ्यात शिरले.

४/ आता मूळ प्रश्न. भिंत उभी राहिल्यावर हे स्थानक इतके चमत्कारिक का झाले? उत्तर १९६१ मध्ये नाही, १९२० मध्ये आहे. त्या वर्षी बृहद् बर्लिनची २० प्रभागांत विभागणी झाली. १९४४ च्या लंडन करारात दोस्त राष्ट्रांनी शहर वाटून घेतले, ते याच प्रभागांच्या हद्दी धरून. 'मिटे' हा मध्यवर्ती प्रभाग सोव्हिएत वाट्याला गेला. नकाशा काढून पाहा : मिटे पश्चिमेकडे चोचीसारखा घुसलेला दिसेल.

५/ परिणाम असा की काही भुयारी मार्गांची दोन्ही टोके पश्चिम बर्लिनमध्ये आणि मधला भाग पूर्वेच्या खाली! नगरपालिकेच्या सोयीसाठी आखलेल्या रेषा पुढे दोन महासत्तांची सीमा होतील, हे १९२० च्या कारकुनांच्या स्वप्नातही आले नसेल.

६/ १३ ऑगस्ट १९६१. सीमा बंद झाली. श्टाटबान येथेच तुटली : पूर्वेकडून येणारी एस-बान येथे संपू लागली, पश्चिमेकडून येणारीही येथेच. दोन्ही फलाट एकाच इमारतीत, पण मध्ये पोलादी भिंत. पलीकडच्या गाडीचा आवाज ऐकू यावा, पण गाडी दिसू नये, अशी ती व्यवस्था.

७/ जमिनीखाली याहून अद्भुत प्रकार. पश्चिम बर्लिनच्या गाड्या पूर्वेच्या पोटातून धावत. श्टाटमिटे, फ्रांझ्योझिशे श्ट्रासे, ओरानियेनबुर्गर टोर ही स्थानके बंद. अंधुक उजेडात सशस्त्र पहारेकरी उभे आणि गाडी न थांबता हळूहळू पुढे. लोक यांना 'भुतांची स्थानके' म्हणत. अपवाद एकच, फ्रीडरिखश्ट्रासे. तेथे गाडी थांबे. पश्चिमेचा प्रवासी मेट्रोतून उतरून एस-बान पकडू शके आणि पारपत्र न दाखवता परत जाई. पूर्व जर्मनीच्या भूमीवर पाय ठेवूनही तो पूर्व जर्मनीत गेलेला नसे. या मार्गांच्या वापरासाठी पश्चिम बर्लिन पूर्वेला पैसे मोजत असे, तेही पश्चिमी मार्कांत.

८/ हे चलन महत्त्वाचे. स्थानकाच्या पश्चिमी भागात 'इंटरशॉप' दुकाने होती : करमुक्त दारू, सिगारेटी, फक्त परकीय चलनात. कित्येक पश्चिम बर्लिनकर केवळ खरेदीसाठी येत. १९८० पासून पूर्वेत जाणाऱ्या प्रौढ पाहुण्याला दर दिवशी २५ मार्क एकास एक दराने बदलून घेणे सक्तीचे होते. माझ्या मते पूर्व जर्मनीची कोंडी येथे सर्वांत स्पष्ट दिसते. भिंत नागरिकांना अडवण्यासाठी हवी होती, आणि दार चलनासाठी.

९/ त्या दारातून कोण जाई? भिंतीनंतर लवकरच पश्चिम बर्लिनकरांनाही पूर्वेत प्रवेश बंद झाला. डिसेंबर १९६३ मध्ये नाताळापुरते परवाने मिळाले, तेव्हा सुमारे ७ लाख लोक दोन वर्षांत प्रथमच नातलगांना भेटले. नोव्हेंबर १९६४ पासून पूर्वेच्या निवृत्तांना पश्चिमेत जाऊ देऊ लागले : स्त्रिया साठीच्या पुढे, पुरुष पासष्टीच्या. ते परतले नाहीत तर राज्याचे निवृत्तिवेतनच वाचणार होते.

१०/ पश्चिमेकडे निघणाऱ्यांसाठी १९६२ मध्ये स्थानकाला लागून काचेचे एक उजळ, आधुनिक सभागृह बांधले गेले. मागे राहणाऱ्याने दाराशी निरोप घ्यायचा. पुढे अरुंद खोकी, पारपत्र तपासणी, मग बोळ आणि फलाट. तपासणीसांच्या अंगावर सीमादलाचा गणवेश असे, प्रत्यक्षात ते श्टाझी या गुप्त पोलिसांचे लोक. लोकांनी या इमारतीला नाव दिले 'ट्रेनेनपालास्ट', अश्रूंचा महाल.

११/ श्टाझीसाठी मात्र वेगळी वाट होती. हेर आणि दूत तपासणी टाळून ये-जा करीत. जानेवारी १९७९ मध्ये याच वाटेने श्टाझीच्या परदेशी हेरखात्यातील अधिकारी वेर्नर श्टिलर गुप्त कागदपत्रांसह पश्चिमेत निसटला. स्वतःसाठी ठेवलेली फट स्वतःलाच भोवली!

१२/ ९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत उघडली, तरी स्थानक एका रात्रीत जोडले गेले नाही. तपासणी १ जुलै १९९० ला संपली आणि २ जुलैला एस-बान पुन्हा आरपार धावली. भुतांची स्थानके एकेक करून जागी झाली. पॉट्सडामर प्लाट्झचे एस-बान स्थानक उघडायला मार्च १९९२ उजाडला.

१३/ अश्रूंचा महाल २०११ पासून संग्रहालय आहे. तपासणीचे मूळ खोके तेथे पाहता येते. पोलादी भिंतीच्या जागी आज काहीच नाही. प्रवासी गाडी बदलतात आणि पुढे जातात.