युद्धाचे कायदे आणि चाकणचा कांदा

पुण्याहून नाशिकच्या वाटेस लागलेला प्रवासी मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडतो, तेव्हा चाकणच्या अलीकडे डाव्या अंगास निघोजे गावची शीव लागते. या गावच्या परिसरात फोक्सवॅगन व महिंद्र यांचे मोटारींचे कारखाने उभे आहेत. तेथून चार-सहा मैलांवर चाकणची पेठ आहे व ती कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. एकाच मुलखातून बाहेर पडणाऱ्या या दोन जिनसांचा सरकारशी असलेला संबंध मात्र अगदी निराळा आहे. मोटार बनविण्यास लागणारा परवाना १९९३ साली रद्द झाला. उलट, कांदा परदेशी जावा की न जावा हे दिल्लीतील एका अधिसूचनेने रातोरात ठरू शकते. असे का व्हावे, याचा शोध घेऊ लागलो असता आम्हास बाजाराच्या नव्हे तर युद्धाच्या इतिहासात शिरावे लागले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. या देशाच्या एकाही प्रतिनिधीस विचारण्याची गरज त्यांस भासली नाही. पाठोपाठ भारत संरक्षण कायदा व त्याखालील नियम आले, आणि त्यांच्या बळावर सरकारने मालाचे उत्पादन, साठा, वाहतूक व किंमत, तसेच परकीय चलन आणि आयात-निर्यात ही सर्व आपल्या मुठीत घेतली. १९४३ साली नव्या कंपन्यांचे भांडवल उभारणेही सरकारी संमतीवाचून अशक्य झाले. युद्धकाळी हे समजण्याजोगे होते. पुढची हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे.

१९४५ साली युद्ध संपले व पुढील वर्षी संरक्षण नियमांची मुदत सरली. परंतु नियम गेले तरी त्यांची संतती मागे राहिली. जीवनावश्यक पुरवठ्याचा जो कायदा १९४६ साली झाला, त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असे शब्द होते. तो वाढत वाढत १९५५ पर्यंत चालला, आणि त्या वर्षी संविधानात दुरुस्ती करून जीवनावश्यक वस्तूंचा कायमचा कायदा त्याच्या जागी बसविण्यात आला. आयात-निर्यात नियंत्रणाचा १९४७ चा कायदा आरंभी तीन वर्षांपुरता होता, तो पंचेचाळीस वर्षे टिकला. १९९२ साली त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली, पण निर्यात रोखण्याची शक्ती त्यातही कायम आहे. भांडवलावरील नियंत्रण १९९२ पर्यंत होते. तीन वर्षांच्या पाहुण्याने पंचेचाळीस वर्षे मुक्काम करावा, असा आतिथ्यशील देश दुसरा क्वचितच असेल!

ही केवळ परक्या राज्यकर्त्यांची करणी होती म्हणावे, तर १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आपल्याच सरकारने तोच मार्ग धरला. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई यांनी संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण आणले. चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडविणे निषिद्ध ठरले आणि देशभर सोनारांच्या पेढ्यांवर अवकळा आली. चिनी सेना महिन्या-दोन महिन्यांत मागे सरली होती. सुवर्णनियंत्रण मात्र १९६८ साली स्वतंत्र कायदा होऊन १९९० पर्यंत नांदले.

संकटकाळी फुगलेली सत्ता संकट सरल्यावर पूर्वीच्या मापावर परत येत नाही, हा विचार अमेरिकन अर्थेतिहासकार रॉबर्ट हिग्ज यांनी १९८७ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यापूर्वी, १९४४ साली, युद्ध चालू असतानाच हायेक यांनी नियोजनाच्या वाटेने स्वातंत्र्य कसे गमावले जाते याचा इशारा दिला होता. महाराष्ट्रास हा विचार सर्वस्वी परका नाही. स्पेन्सर व मिल्ल यांचा आगरकरांवरील प्रभाव आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. पण आगरकरांची व्यक्तिस्वातंत्र्याची लढाई मुख्यतः रूढीशी होती. तोच विचार शेतकऱ्याच्या बांधावर नेण्याचे काम चाकणनजीकच्या आंबेठाण गावी व्हावयाचे होते.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत अधिकारी असलेले शरद जोशी ती नोकरी सोडून परतले व आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेतीतील तोट्याचा हिशेब त्यांनी स्वतःच्या वहीत मांडला, आणि त्यांचा निष्कर्ष असा झाला की, शेतकरी आळसाने किंवा अज्ञानाने दरिद्री नाही. त्याच्या मालाचा भाव सरकार धोरण म्हणून पाडते. कांद्याची निर्यात १९७४ पासून नाफेडच्या हाती होती, त्यामुळे हा निष्कर्ष चाकणच्या पेठेत पटवून देण्यास फार वक्तृत्व लागले नाही. १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली. पुढील वर्षी चाकणला रस्ता अडविला गेला आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा महाराष्ट्रभर गेली. पुढे डंकेल प्रस्तावावर बहुतेक पक्ष तुटून पडले असता जोशींनी त्याचे स्वागत केले व १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष स्थापिला.

या मतास आमचा पाठिंबा आहे, तथापि तो डोळे मिटून नाही. चाकणच्या आंदोलकांनी प्रारंभी नाफेडनेच रास्त भावाने कांदा घ्यावा असे मागितले होते. म्हणजे ज्या हाताने गळा दाबला त्याच हाताकडून अन्न मागण्याची पाळी आली, हे स्वातंत्र्यवादी तत्त्वात बसत नाही. पण दाबलेल्या गळ्यास तत्त्व कोठून सुचावे? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २ मे १९४३ पासून मुंबईत शिधावाटप सुरू झाले; त्याच वर्षी बंगालमध्ये सुमारे तीस लक्ष माणसे दुष्काळाने व रोगराईने मृत्युमुखी पडली. तेथे सरकारने वेळीच धान्य हाती घेऊन वाटले असते तर अनेक जीव वाचले असते, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र त्याच बंगालमध्ये जपानी येतील या भयाने १९४२ साली सरकारनेच किनाऱ्यावरच्या नावा व तांदूळ हलविला होता, आणि प्रांताप्रांतांनी आपापल्या सीमा धान्यास बंद केल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात घातल्याखेरीज न्याय होणार नाही. दुष्काळातील शिधापत्रिका आणि सुगीतील निर्यातबंदी या दोहोंस एकच नाव देणे, ही आमच्या मते खरी चूक होय.

निघोज्याकडे पाहता आणखी एक गोष्ट मनास टोचते. मोटारींचे कारखाने परवान्यातून सुटले खरे, पण ते ज्या औद्योगिक क्षेत्रात उभे आहेत त्यास १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याने सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार दिलेला आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा तर आणीबाणीत, १९७६ साली, नवव्या परिशिष्टात नेऊन ठेविला गेला. मोबदला मिळाला असेल, कोणाचा संसारही सुधारला असेल. परंतु नाही म्हणण्याची मुभा नसलेल्या सौद्यास खुला बाजार कसे म्हणावे?

१२ डिसेंबर २०१५ रोजी शरद जोशी निवर्तले. त्यानंतर पाच वर्षांनी, जून २०२० मध्ये, असाधारण भाववाढ, युद्ध, दुष्काळ यांसारखे प्रसंग वगळता कांदा साठ्याच्या निर्बंधांतून मुक्त करणारा वटहुकूम निघाला. सप्टेंबरात त्याचा कायदा होत होता, आणि त्याच महिन्यात सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. तो कायदा २०२१ साली मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, डिसेंबरात पुन्हा बंदी आली; मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क राहिले. ते पुढे निम्मे झाले व १ एप्रिल २०२५ पासून गेले. या काळात भारताच्या कोणत्याही सीमेवर कांद्यावाचून युद्ध अडले होते, असे आमच्या ऐकिवात नाही.