हार्डी परफेक्ट

हार्डी परफेक्ट हे इंग्लंडमधील हार्डी ब्रदर्स या कंपनीचे मासेमारीचे रीळ आहे. फ्लाय फिशिंग या प्रकारात, म्हणजे पिसे व धाग्यांपासून बनविलेल्या कृत्रिम आमिषाने ट्राउट व सामन मासे पकडताना, गळाची दोरी गुंडाळण्यासाठी ते वापरतात. जुन्या रिळांच्या संग्राहकांमध्ये त्याला विशेष मागणी आहे. अशा रिळाची दुरुस्ती कोठवर करावी, यावर त्याचे मूल्य बरेचसे अवलंबून असते.

इतिहास व रचना

विल्यम हार्डी यांनी इ.स. १८७२ मध्ये नॉर्थम्बरलंडमधील अ‍ॅनिक येथे व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांचे बंधू जॉन जेम्स त्यात सहभागी झाले. परफेक्टच्या रचनेचे पेटंट इ.स. १८८८ मधील असून रीळ इ.स. १८९१ मध्ये बाजारात आले. त्याचे चाक बॉल बेअरिंगवर फिरते आणि मूठ फिरत्या तबकडीवरच बसविलेली असते. आतील दंतचक्र व खिट्टीच्या यंत्रणेला 'चेक' म्हणतात. मासा दोरी ओढू लागला की ही यंत्रणा चाकाला विरोध करते आणि दोरीचा गुंता टाळते.

कालनिर्णय

आरंभीची रिळे पितळी होती. पुढे पितळी तबकडी व मिश्रधातूची चौकट असलेली आणि नंतर प्रामुख्याने अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिळे आली. चेकची रचना वेळोवेळी बदलल्याने '१८९६ चा चेक', '१९१२ चा चेक' अशा नावांनी रिळांचा काळ ओळखला जातो. कंपनीची मुद्रा, मुठीचे साहित्य आणि चौकटीच्या आतील कारागिराची आद्याक्षरे हेही पुरावे मानले जातात. त्यामुळे सुटा भाग बदलल्यास रिळाच्या इतिहासाचा एक पुरावा नष्ट होऊ शकतो.

दुरुस्ती व जतन

घट्ट झालेले जुने ग्रीस रॉकेलसारख्या द्रावकाने व मऊ ब्रशने काढतात आणि नंतर हलके तेल देतात. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस वापरला नाही तर खाच फाटते. झिजलेली खिट्टी किंवा तुटलेली स्प्रिंग बदलणे सामान्यतः मान्य असते. मात्र मूळ भाग रिळासोबत जपून ठेवणे इष्ट समजले जाते. पितळ चकाकविण्यासाठी पॉलिश वापरल्यास मूळ काळसर लेप निघून जातो व कोरलेली अक्षरे बोथट होतात. ही हानी भरून काढता येत नाही. गळकाठीवर बसावा म्हणून कानशीने घासलेला रिळाचा पाया हाही मूल्य घटविणारा दोष आहे.

कायदेशीर बाजू

काही आरंभीच्या रिळांच्या मुठी हस्तिदंती आहेत. युनायटेड किंग्डममध्ये इ.स. २०१८ चा हस्तिदंत कायदा ६ जून २०२२ पासून लागू झाला असून, हस्तिदंत असलेल्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीस सर्वसाधारणपणे बंदी आहे. ३ मार्च १९४७ पूर्वीच्या आणि १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना सूट मिळू शकते. त्यासाठी नोंदणी आवश्यक असते.