आल्स बेटावरील शिळासमाध्या आणि त्यांभोवतीचे अरण्य

डेन्मार्कच्या दक्षिण भागातील आल्स बेटावर, ब्लोमेस्कोबेल नावाच्या रानात, नवाश्मयुगातील चार समाध्या आहेत. दोन लांबट, दोन वाटोळ्या. लांबट समाध्यांची लांबी पन्नास मीटरांहून अधिक असून त्यांभोवती उभ्या शिळांचे कुंपण आहे. आत शिळांच्याच लहान कोठड्या. वय सुमारे साडेपाच हजार वर्षे, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही अधिक. हे बेट १८६४ साली प्रशियाने जिंकले आणि १९२०च्या सार्वमतानंतर ते डेन्मार्ककडे परत आले. सीमाभागात राहणाऱ्या वाचकांस या तपशिलाचे अप्रूप वाटणार नाही.

इ. स. १२००च्या सुमारास सॅक्सो ग्रामॅटिकस या इतिहासकाराने अशा प्रचंड शिळा हा पूर्वी राक्षस होते याचा पुरावा मानला. अशा मोठ्या दालनांस डॅनिश भाषेत आजही ‘राक्षसांची खोली’ याच अर्थाचा शब्द आहे. वस्तुतः या शिळा हिमयुगातील बर्फाने आणून टाकलेल्या. माणसांनी त्या हलविल्या, त्यांची सपाट बाजू आत केली आणि फटी चपट्या दगडांनी बुजविल्या. काही दालनांत त्या दगडांच्या थरांमध्ये भूर्जाची सालही सापडली असून तिच्यावरून बांधणीचा काळ ठरविता आला.

शेवाळलेल्या शिळा आणि वर वृक्षांचे छत पाहून हे लोक अरण्यवासी होते असे वाटते. आमच्या मते हा समज सोडला पाहिजे. योहानेस इव्हर्सन यांनी १९४१ साली तळ्यांच्या व दलदलींच्या गाळातील परागकणांवरून दाखविले की, त्या शेतकऱ्यांनी रान तोडून, जाळून शेते काढली होती. पुढे १९५०नंतरच्या दशकाच्या आरंभी ड्राव्हेड रानात खऱ्या गारगोटीच्या कुऱ्हाडींनी झाडे तोडून पाहण्यात आली. लाकूडतोड्याप्रमाणे पूर्ण हात फिरविला की पाते फुटे. मनगटाने आखूड, भराभर घाव घातले की काम होई. जाळलेल्या जमिनीत धान्य उत्तम आले, न जाळलेल्या जमिनीत जेमतेम. आज डॅनिश वनांत मिरविणारा बीच वृक्ष त्या काळी तेथे जवळजवळ नव्हताच; रान होते लिंडन, ओक व एल्म यांचे.

विदर्भातील जुनापाणीची शिळावर्तुळे येथे कोणास आठवतील. परंतु ती लोहयुगीन, दोन हजारांहून अधिक वर्षे अलीकडची आहेत. त्यांच्याशी नाते जोडण्याचा मोह आवरावा.

मग हे अरण्य समाध्यांचे कोण? ते नंतर आलेले राखणदार होय. डेन्मार्कात अशा समाध्या एके काळी सुमारे २५,००० असाव्यात, असा अंदाज आहे. आज अडीच हजारांच्या आसपास उरल्या आहेत. रस्त्यांसाठी, घरांसाठी शिळा फोडल्या गेल्या, नांगराने माती ओढून नेली. १८०५च्या आज्ञेने वनांना कुंपण पडले, तेथे नांगर पोचला नाही. सर्व समाध्यांना कायद्याचे सरसकट संरक्षण मिळण्यास मात्र १९३७ साल उजाडावे लागले.