जुनी पोर्शे ९४४ स्वतः कशी सांभाळावी? देखभाल, बिघाड आणि तपासणीचा क्रम

पोर्शे ९४४ ही जर्मन स्पोर्ट्स कार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली आणि १९९१ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. या काळात सुमारे १ लाख ६३ हजार गाड्या तयार झाल्या. त्यामुळे युरोप आणि अमेरिकेत ती आजही सेकंड हँड मिळते, आणि त्याच कंपनीच्या प्रसिद्ध ९११ पेक्षा बरीच कमी पैशांत मिळते. पण गाडी स्वस्त मिळाली म्हणून तिचे सुटे भाग आणि गॅरेजची मजुरी स्वस्त होत नाही. आधीच्या मालकाने टाळलेला खर्च बहुतेक वेळा नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

म्हणूनच या गाडीचे अनेक मालक स्वतः हातात पाना घेतात. आजच्या गाड्यांच्या मानाने ९४४ ची यंत्ररचना समजायला सोपी आहे. मात्र ती सांभाळताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते : या गाडीत किलोमीटरपेक्षा वर्षे महत्त्वाची. इंजिनचे धातूचे भाग दणकट आहेत. जुने होऊन दगा देतात ते रबर, प्लास्टिक आणि विजेचे जोड.

गाडीची रचना थोडक्यात

९४४ चे इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे आहे. दोन्हींना एक लांब नळी जोडते आणि तिच्या आत फिरणारा दांडा इंजिनची ताकद मागे नेतो. त्यामुळे गाडीचे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास सारखे पडते. वळणावर ती स्थिर राहते, त्याचे हे मोठे कारण आहे.

मूळ मॉडेलचे इंजिन २.५ लिटरचे, चार सिलिंडरचे आहे. चार सिलिंडरच्या एवढ्या मोठ्या इंजिनात थरथर फार होते. ती कमी करण्यासाठी इंजिनच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट बसवले आहेत. या रचनेसाठी पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेतला होता. परिणामी इंजिनच्या पुढच्या बाजूला दोन दातेरी पट्टे आहेत : एक कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट आणि दुसरा बॅलन्स शाफ्टचा.

सर्वांत आधी टायमिंग बेल्ट

पिस्टन वर आलेला असताना व्हॉल्व्ह बंद असला पाहिजे. हा मेळ टायमिंग बेल्ट राखतो. काही इंजिनांत बेल्ट तुटला तर गाडी फक्त बंद पडते. ९४४ मध्ये तसे नाही. बेल्ट तुटला किंवा काही दात सरकला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग सिलिंडर हेड उतरवून दुरुस्त करावे लागते. एका रबरी पट्ट्यापायी होणारा हा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

जाणकार मालक साधारणपणे दर चार वर्षांनी किंवा ४८,००० किमीनंतर, जे आधी होईल तेव्हा, दोन्ही बेल्ट बदलतात. वर्षे मोजण्यामागे आणखी एक कारण आहे. या गाड्यांच्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रातले प्लास्टिकचे छोटे चाक तुटते आणि आकडा जागेवरच थांबतो. म्हणून डॅशबोर्डवरचा आकडा पुरावा मानू नये. बेल्ट बदलल्याची तारीख असलेली पावती मिळाली नाही, तर बेल्ट जुनाच आहे असे धरून चालावे आणि तो बदलल्यानंतरच गाडी रस्त्यावर आणावी.

बेल्ट बदलताना या गोष्टी सोबतच कराव्यात :

• वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. पंपाचे बेअरिंग अडकले तर नवा बेल्टही तुटतो. पंप जुना असेल किंवा त्याच्या भोवती गळतीचे डाग असतील, तर तो याच वेळी बदलावा.

• बेल्ट ज्या रोलरवरून जातात ते हाताने फिरवून पाहावेत. खरखर लागली तर रोलर बदलावा.

• क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि बॅलन्स शाफ्ट यांचे पुढचे ऑइल सील तपासावेत. बेल्टवर तेल झिरपत राहिले तर रबर लवकर खराब होते.

बेल्ट बसवल्यावर फ्लायव्हीलवरची आणि कॅमच्या चाकावरची खूण एकाच वेळी जुळते का, ते पाहावे. मग २४ मिमीच्या पान्याने क्रँकच्या बोल्टवरून इंजिन हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा तपासाव्यात. फिरवताना कुठे कडक अडथळा लागला तर जोर लावू नये; जुळणी चुकली असण्याची शक्यता असते. ही खात्री होईपर्यंत सेल्फ मारू नये.

बेल्टचा ताण हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. ढिला बेल्ट दात सोडतो, फार आवळलेला बेल्ट पंपाचे बेअरिंग खातो. १९८७ च्या मॉडेलपासून टायमिंग बेल्टला स्प्रिंगचा टेन्शनर आला. त्याआधीच्या गाड्यांत ताण मोजण्यासाठी खास उपकरण लागते. ते नसेल तर सगळे काम स्वतः करून शेवटचा ताण अनुभवी मेकॅनिककडून तपासून घ्यावा. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल होतो, म्हणून दोन-तीन हजार किमीनंतर ताण पुन्हा पाहावा.

१६ व्हॉल्व्हच्या ९४४ एस आणि एस२ या मॉडेलमध्ये दोन कॅमशाफ्टना जोडणारी एक साखळीही असते. तिच्या टेन्शनरवरची प्लास्टिकची पट्टी झिजून तुटते, म्हणून या गाड्यांत बेल्टसोबत तीही तपासावी.

सेल्फ लागतो, पण गाडी सुरू होत नाही

अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलत बसणे सर्वांत महाग पडते. खालचा क्रम पाळला तर बहुतेक वेळा कारण सापडते.

१. बेल्ट शाबूत आहे का? इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरत असेल, तर लगेच थांबा. आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा रोटर थेट कॅमशाफ्टच्या पुढे बसलेला असतो. त्याचे झाकण काढून पान्याने क्रँक किंचित फिरवा. रोटर हलला नाही तर बेल्ट गेला आहे, पुढे काहीही फिरवू नका.

२. आरपीएमचा काटा हलतो का? सेल्फ मारताना मदतनिसाला काट्याकडे पाहायला सांगा. काटा थोडा उडत असेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज आणि वेगाचा सिग्नल मिळतो आहे. मग पेट्रोल आणि स्पार्ककडे वळा. काटा मेल्यासारखा पडून असेल तर रिले किंवा सेन्सरवर संशय घ्या.

३. डीएमई रिले. ही छोटी डबी इंजिनचा कॉम्प्युटर आणि पेट्रोल पंप या दोघांना वीज देते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिच्या आतल्या सोल्डरच्या जोडांना बारीक चिरा पडतात. गाडी तापल्यावर अचानक बंद पडते आणि थोड्या वेळाने काही घडलेच नाही अशी सुरू होते, हे तिचे ओळखीचे लक्षण आहे. चांगली रिले लावून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी. म्हणूनच या गाडीचे मालक एक जादा रिले गाडीतच ठेवतात. रिले काढून तिच्या जागी तार जोडून गाडी चालवण्याची युक्ती सांगितली जाते. ती फक्त तपासणीपुरती ठीक. तशी जोडणी असताना इंजिन बंद पडले तरी पंप पेट्रोल ढकलत राहतो, आणि अपघातात त्यामुळे आग लागू शकते.

४. फ्लायव्हीलजवळचे दोन सेन्सर. एक इंजिनचा वेग सांगतो, दुसरा क्रँकची जागा. त्यांचे प्लग जुनेपणी ठिसूळ होतात आणि हात लागताच तुटतात. दोन्ही प्लग दिसायला सारखे असतात. क्लच किंवा इंजिनच्या कामानंतर गाडी सुरूच होत नसेल, तर ते अदलाबदल झाले आहेत का ते आधी पाहा.

५. पेट्रोल आणि स्पार्क. वीज आणि सिग्नल ठीक असतील तर पंप चालतो का, इंजिनपर्यंत पेट्रोलचा दाब येतो का आणि प्लगला ठिणगी पडते का, हे तपासा. पेट्रोलची नळी सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि आग विझवण्याचा सिलिंडर जवळ ठेवा.

कुलंटमध्ये तेल : लगेच हेड उतरवू नका

कुलंटच्या टाकीत तपकिरी, दाट साय दिसली की हेड गॅस्केट गेले असे सांगितले जाते. ९४४ मध्ये आणखी एक कारण असू शकते. या इंजिनला तेल थंड करणारा एक कूलर जोडलेला असतो. त्यात तेल आणि कुलंट अगदी शेजारून वाहतात आणि मध्ये फक्त रबरी सील असतात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कुलंटपेक्षा जास्त असतो. त्यामुळे सील गेले की तेल कुलंटमध्ये शिरते, पण इंजिनचे तेल मात्र बहुधा स्वच्छ राहते.

सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, कुलंटच्या टाकीत बुडबुडे आणि एखाद्या सिलिंडरचे कमी कॉम्प्रेशन अशी चिन्हे असतील तर गॅस्केटचा संशय घ्यावा. ती नसतील तर आधी कूलरचे सील बदलावेत. हा भाग पुन्हा बसवताना तेलाच्या दाबाचा व्हॉल्व्ह सरळ रेषेत बसावा लागतो, त्यासाठी खास साधन मिळते. दोन्ही कामांच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय कोणालाही हेड उघडू देऊ नये.

इंजिन तापते

कुलंट बदलल्यावर गाडी तापू लागली तर बहुधा आत हवा अडकलेली असते. इंजिनच्या पुढच्या बाजूला, वर, हवा काढायचा स्क्रू असतो. गाडीचा पुढचा भाग थोडा उंच करून, हीटर पूर्ण चालू ठेवून, त्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. हे काम थंड इंजिनवर सुरू करावे. गरम इंजिनची टोपी कधीही उघडू नये.

गर्दीत उभी राहिल्यावर तापत असेल आणि चालताना ठीक राहत असेल, तर रेडिएटरचे पंखे आणि त्यांना चालू करणारा स्विच तपासा. इंजिनच्या मागच्या बाजूला हीटरचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह असतो. तोही ठिसूळ होऊन फुटतो आणि कुलंट भराभर निघून जाते. या इंजिनचे हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. काटा वर चढताना दिसला तर घर जवळ असले तरी गाडी बाजूला घेऊन बंद करावी.

थरथर आणि अस्थिर आयडलिंग

उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी इंजिन माउंट पाहा. ती द्रव भरलेली असतात आणि बसली की इंजिन खाली येते. एक्झॉस्टच्या उष्णतेमुळे उजवीकडचे माउंट लवकर जाते. आयडलिंग वर-खाली होत असेल तर हवा आत घेणाऱ्या रबरी नळ्यांना चिरा पडल्या आहेत का ते पाहा. मोजणी न झालेली हवा आत शिरली की पेट्रोलचे प्रमाण बिघडते. थरथरीसाठी थेट बॅलन्स शाफ्टला दोष देण्याआधी त्याचा बेल्ट खुणांवर बसला आहे का, एवढे तपासावे.

स्वतः काय करावे, काय करू नये

तेल आणि फिल्टर, स्पार्क प्लग, रिले, कुलंट, हवेच्या नळ्या, ब्रेक पॅड, बॅटरीखालच्या ट्रेची सफाई ही कामे घरी करता येतात. पुस्तक आणि टॉर्क रेंच हाताशी असेल, तर सरावाने बेल्टही जमतो.

क्लच मात्र गॅरेजकडे सोपवावा. गिअरबॉक्स मागे असल्याने क्लचपर्यंत पोहोचायला एक्झॉस्ट उतरवून मधली लांब नळी मागे सरकवावी लागते. मूळ क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असते; ते फाटले की गिअर पडेनासे होतात.

तीन बाबतींत काटकसर नको. पहिली, इंजिनवरच्या पेट्रोलच्या नळ्या : वास आला किंवा ओल दिसली तर गाडी चालवू नका. दुसरी, ब्रेक : ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, ते दर दोन वर्षांनी बदला. तिसरी, पुढच्या चाकांचे ॲल्युमिनियमचे कंट्रोल आर्म, जे १९८५ च्या मध्यापासूनच्या गाड्यांत आहेत : त्यांचे बॉल जॉइंट घट्ट झाले तर पिन तुटून चाक निसटू शकते. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही भरवसा ठेवू नका. सपाट जमिनीवर जॅक स्टँड लावूनच खाली जा.

गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात

• बेल्टची पावती शोधा. नसेल तर दोन्ही बेल्ट बदला.
• पेट्रोलच्या नळ्या, ब्रेक ऑइल आणि बॉल जॉइंट तपासा.
• टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. टायरची नक्षी चांगली दिसत असली तरी जुने रबर कडक झालेले असते.
• नवी डीएमई रिले घेऊन गाडीत ठेवा.
• एक वही सुरू करा. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटरचा आकडा आणि बदललेल्या भागाचे नाव लिहा, पावत्या जोडा. पुढचा बेल्ट कधी बदलायचा हे त्या वहीतूनच कळेल, आणि गाडी विकायची वेळ आली तर घेणाराही आधी तीच मागेल.