घरचा सर्व्हर बंद पडला तरी ई-टपाल हरवू नये म्हणून

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे उत्तर सीमेवरील जिल्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा ते तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांत आजही मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत. गोव्यातील दत्तभक्तांना याच भागातील गाणगापूर परिचित आहे. मे महिन्यातील वळवाचे वादळ आले, रस्त्याच्या खोदकामात फायबरची तार तुटली किंवा रोहित्र जळाले की येथील गावांचा बाहेरील जगाशी संपर्क काही तासांसाठी, कधी काही दिवसांसाठी तुटतो. पावसाळ्यात वीजतारांवर झाडे पडताना पाहणाऱ्या गोमंतकीय वाचकाला हा अनुभव नवा नाही.

बहुतेकांचे ई-टपाल मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर असते. घरची वीज गेल्याने त्याला धक्का पोहोचत नाही. परंतु स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन घरातल्या लहान संगणकावर टपालाचा सर्व्हर चालवणारे वकील, प्राध्यापक, व्यावसायिक आणि छोट्या संस्था यांच्यापुढे मात्र प्रश्न उभा राहतो: सर्व्हर बंद असताना आलेले पत्र कोठे जाते? त्याचे थोडक्यात उत्तर असे की, ते काही दिवस वाट पाहते. योग्य तजवीज असेल तर एकही पत्र हरवत नाही. पत्रे हरवतात ती बहुधा बंद काळातील घाईमुळे किंवा आधी केलेल्या दुर्लक्षामुळे.

पत्र किती काळ थांबते?

ई-टपालाच्या देवाणघेवाणीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. समोरचे यंत्र प्रत्येक वेळी जागे असेलच, असे त्या काळी कोणी गृहीत धरत नसे. त्यामुळे पाठवणाऱ्या सर्व्हरने पत्र आपल्याजवळ रांगेत ठेवावे आणि पुनःपुन्हा प्रयत्न करावा, हे तत्त्व या व्यवस्थेच्या मुळाशीच आहे. नदीला पूर आला तर जासुदाने खलिता घेऊन काठावर थांबावे, पाणी ओसरल्यावर पैलतीरी जावे, तसाच हा प्रकार.

ऑक्टोबर २००८ मधील आरएफसी ५३२१ नुसार दोन प्रयत्नांमध्ये साधारणतः किमान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि पत्र परत पाठवण्यापूर्वी निदान ४ ते ५ दिवस वाट पाहावी. पोस्टफिक्स या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची असते. मात्र काही पाठवणारे याहून कमी थांबतात. म्हणून ४ दिवसांवर विसंबू नये. ३ दिवस ही आपली मर्यादा मानावी. शिवाय मुदत प्रत्येक पत्राची स्वतंत्र असते आणि ते पाठवल्या क्षणापासून मोजली जाते. सर्व्हर सोमवारी सकाळी बंद पडला असेल, तर गुरुवार सकाळपर्यंत तो सुरू व्हावा किंवा टपालाची पर्यायी सोय झालेली असावी.

मौन चालते, चुकीचे उत्तर चालत नाही

सर्व्हर पूर्ण बंद असेल तर पाठवणाऱ्याला काहीच उत्तर मिळत नाही आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. खरा धोका असतो अर्धवट जाग्या झालेल्या सर्व्हरचा. सर्व्हरच्या उत्तराचा पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती मानली जाते. ५ असेल तर नकार कायमचा ठरतो आणि पत्र तत्काळ परत जाते. वीज आल्यावर टपालाचा कार्यक्रम सुरू झाला, पण वापरकर्त्यांची यादी ज्या डिस्कवर आहे ती जोडलीच गेली नाही, तर सर्व्हर प्रत्येकाला ‘अशी व्यक्ती येथे नाही’ असे ५ ने सुरू होणारे उत्तर देऊ शकतो. तीन दिवसांच्या शांततेत जे नुकसान झाले नसते ते अशा दहा मिनिटांत होते.

यावर उपाय दोन. डिस्क आणि वापरकर्त्यांची यादी उपलब्ध झाल्याशिवाय टपालाचा कार्यक्रम सुरूच होणार नाही, अशी रचना ठेवावी. तसेच दुरुस्ती चालू असताना पोस्टफिक्समधील ‘सॉफ्ट बाउन्स’ ही सोय सुरू करावी. ती कायमच्या नकाराचे रूपांतर तात्पुरत्या नकारात करते. काम संपल्यावर ती आठवणीने बंद करावी.

दुय्यम सर्व्हर कोठे असावा?

डोमेनच्या एमएक्स नोंदीत एकाहून अधिक सर्व्हरची नावे देता येतात. प्रत्येकापुढे एक अंक असतो आणि लहान अंकाला प्राधान्य मिळते. घरच्या सर्व्हरला १० आणि दुय्यम सर्व्हरला २० दिले, तर घरचा बंद असताना टपाल दुय्यमकडे जाते. तो ते साठवतो आणि घरचा सर्व्हर सुरू होताच पुढे धाडतो. दुय्यम सर्व्हर आपल्या ताब्यातला असल्याने थांबण्याची मुदत आपणच ठरवू शकतो. ती २० किंवा ३० दिवसही ठेवता येते.

येथे सीमाभागाची भौगोलिक स्थिती उपयोगी पडते. बिदर-कलबुर्गीत वीजवाटप गुलबर्गा विद्युत पुरवठा कंपनी अर्थात जेस्कॉम करते, तर सीमेपलीकडे महावितरण. भालकी-औरादच्या घरांची सोयरीक उदगीरला, बसवकल्याणची उमरग्याला आणि आळंदची अक्कलकोटला असणे नेहमीचेच. दुय्यम यंत्र अशा सोयऱ्यांच्या घरी ठेवल्यास दोन्ही ठिकाणची वीज एकाच बिघाडाने जाण्याची शक्यता कमी होते. इंटरनेटची जोडणीही दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपन्यांची घ्यावी. मात्र निसर्ग राज्यांची सीमा मानत नाही. ऑक्टोबर २०२० मधील भीमेच्या महापुराने सोलापूर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतील गावांना वेढा घातला होता. ज्यांचे काम अत्यंत निकडीचे आहे, त्यांनी दुय्यम सर्व्हर दूरच्या शहरातील व्यावसायिक केंद्रात भाड्याने घ्यावा.

दुय्यम सर्व्हर निष्काळजीपणे उभारला तर तो उपद्रवच ठरतो. खरे वापरकर्ते कोण, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. अन्यथा तो नको असलेले टपालही स्वीकारतो आणि नंतर निरपराध पत्त्यांवर परतपत्रे धाडत बसतो. नकोशा टपालाची गाळणी दोन्हीकडे सारखीच हवी. तसेच दुय्यमकडून आलेले टपाल घरच्या सर्व्हरने एसपीएफ तपासणीत नाकारू नये, अशी सूट त्याला दिलेली असावी.

डोमेनची नोंद आणि तिच्या किल्ल्या

डोमेनची डीएनएस माहिती त्याच घरातल्या यंत्रावर ठेवू नये. ती बाहेरच्या सेवेकडे असेल, तर सर्व्हर बंद असतानाही डोमेनचा पत्ता जगाला सापडतो आणि आपल्याला तो बदलताही येतो. डोमेन-नोंदणीच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ई-पत्ता देणे म्हणजे पेटीची किल्ली पेटीत ठेवून झाकण लावणे होय. संकटात पासवर्ड बदलण्याचे पत्र नेमके बंद सर्व्हरकडे जाते. या खात्यासाठी वेगळा ई-पत्ता असावा. बँकेची आणि शासकीय संकेतस्थळांची एकवेळची सांकेतिक संख्याही काही मिनिटांतच निरुपयोगी होते. ते पत्र रांगेत थांबून लाभ नसतो. तेथे मोबाइल क्रमांक जोडलेला असणे इष्ट.

घर बदलणे किंवा दुरुस्ती अशा पूर्वनियोजित कामात टपाल तात्पुरते दुसऱ्या सेवेकडे वळवायचे असेल, तर एमएक्स नोंदीची टीटीएल मुदत आधीच कमी करावी. ती ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर बदल सर्वत्र पोहोचायला तितका वेळ लागू शकतो. निदान एक दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणल्यास बदल बऱ्याच अंशी पाच मिनिटांत लागू होतो.

जुने टपाल, जाणारे टपाल आणि वीज

येणारे टपाल रांगेत सुरक्षित असले, तरी आधी आलेले टपाल बंद यंत्रात अडकून पडते. त्यासाठी निदान एका संगणकावर सर्व पत्रांची पूर्ण प्रत उतरवलेली असावी. मोबाइलवर बहुधा अलीकडचीच पत्रे असतात. बाहेर जाणाऱ्या टपालासाठी एखाद्या व्यावसायिक सेवेचा मार्ग आधीच ठरवून तिचे नाव एसपीएफ नोंदीत घालावे आणि डीकेआयएम स्वाक्षरीची सोय करावी. ऐनवेळी अनोळखी मार्गाने धाडलेली पत्रे समोरच्याच्या नकोशा टपालात जाऊन पडतात.

विजेचा हिशेब सोपा आहे. राउटर आणि लहान संगणक मिळून सुमारे २५ वॅट वीज घेतात असे धरू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास साठतात. निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरमधील घट वजा केली, तरी सुमारे ७०० वॅट-तास उरतात. म्हणजे २८ तास. पंखे आणि दिवे त्याच बॅटरीवर असतील, तर हा आकडा झपाट्याने खाली येतो. म्हणून सर्व्हरची बॅटरी वेगळी असावी.

कायद्याच्या दृष्टीने

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, पक्षकारांमध्ये वेगळे ठरले नसेल आणि पत्र स्वीकारण्यासाठी एखादी संगणक-व्यवस्था नेमून दिलेली असेल, तर पत्र त्या व्यवस्थेत शिरते ती वेळ त्याच्या प्राप्तीची मानली जाते. कलबुर्गीत कर्नाटक उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तेथे काम करणाऱ्या वकिलाला किंवा निविदा भरणाऱ्या व्यावसायिकाला या वेळेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सर्व्हर केव्हा बंद पडला आणि केव्हा सुरू झाला, याची नोंद ठेवावी. यंत्रातील नोंदवह्या घाईने पुसू नयेत. मुदतीचे काम प्रलंबित असेल, तर समोरच्या पक्षाला दूरध्वनीने लगेच कळवावे.

पुन्हा सुरू झाल्यावर

सर्व्हर सुरू होताच टपाल आले नाही म्हणून मांडणीत बदल करू नयेत. पोस्टफिक्समध्ये दोन प्रयत्नांतील अंतर वाढत जाऊन ४,००० सेकंदांपर्यंत, म्हणजे एका तासाहून अधिक होते. साचलेली पत्रे त्यामुळे टप्प्याटप्प्यानेच पोहोचतात. डिस्क जोडलेली आहे, घड्याळ बरोबर आहे आणि आयपी पत्ता बदललेला नाही, एवढे तपासून थांबावे.

या सर्व व्यवस्थेची परीक्षा संकटाच्या दिवशी होऊ नये. एखाद्या रविवारी, कोणतेही निकडीचे काम नसताना, सर्व्हर दोन तास मुद्दाम बंद करावा, दुसऱ्या खात्यातून स्वतःला एक पत्र पाठवावे आणि ते कोणत्या मार्गाने, किती वेळाने पोहोचते ते पाहावे. पत्र न आल्यास दोष कोठे आहे हे घरी, वीज असताना आणि दुरुस्तीला वेळ असताना कळते.