हाली सिक्का: चारमिनारचा रुपया

मागच्या बैठकीत बचतीचं बोलणं चाललं होतं, तेव्हा आमच्या गटातल्या एका आजींनी पदराची गाठ सोडून चांदीचा रुपया पुढे ठेवला. त्यावर चारमिनार. पोरींनी विचारलं, "हे कुठल्या देशाचं नाणं?" आजी म्हणाल्या, "आपलंच की. हाली सिक्का. सासूबाईंनी दिलेला."

आपला परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इंग्रजांच्या काळातही या संस्थानानं स्वतःचं चलन राखलं. 'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रजी रुपयाला आपल्याकडे 'कलदार' म्हणत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात रुपयावर चारमिनार आला. राजाचा चेहरा नाही, राजधानीची खूण. मधल्या कमानीत एकच अक्षर: महबूब अलींचं 'मीम'. 1911 साली उस्मान अली खान गादीवर आले, तेव्हा तिथे 'ऐन' आलं. ती लिपी न येणाऱ्या बाईलाही मिनारांवरून रुपया ओळखता येई.

पण ओळख वेगळी, भाव वेगळा. 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार. बाईनं गाडग्यात 70 हाली रुपये साठवले असतील, तर त्यांचे कलदार 60च व्हायचे. हा हिशेब जिला ठाऊक, ती बाजारात फसायची नाही. जिला ठाऊक नाही, तिनं रुपयाला रुपया धरला की सातातला एक गेलाच.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. 1950 साली भारताची नवी नाणी आली. त्यांच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह होते. दुसऱ्या बाजूला रुपयावर धान्याची कणसं आणि आण्यावर बैल. राजधानीच्या मिनारांच्या जागी आपल्या शेतातली खूण आली. हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षं सोबत चालला. 1959 साली तो कायमचा बंद झाला.

तुमच्याही घरी देव्हाऱ्यात किंवा जुन्या पेटीत असा रुपया असेल. तो घाईनं मोडीत घालू नका. जुना रुपया साधारण सव्वाअकरा ग्रॅमचा, त्यात नऊ ग्रॅमच्या वर चांदी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रुपयांत मात्र चांदी निम्म्यावर आली होती. तेव्हा वजन आणि चांदी आधी तपासा, भाव दोन ठिकाणी विचारा. आणि तो कुणी कुणाला दिला, हे गटाच्या वहीत लिहून ठेवा. नाण्यावर निजामाचं अक्षर आहे, पण तो रुपया जपणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही.

आजींनी रुपया पुन्हा गाठीत बांधला. त्यांच्या सासूबाईंचं नाव आम्ही त्याच दिवशी वहीत लिहिलं.